गाडीत कोण दिसतंय

"गाडीत कोण दिसतंय?"

मामांनी एवढं विचारलं की स्टुडिओतली माणसं चोरासारखी पांगायची. गाडी आणणारा ड्रायव्हर शटरबाहेर, सेल्सची मुलं त्याच्या मागे, आणि मी काळ्या पडद्याआड. पडद्याला पाडलेल्या भोकातून कॅमेऱ्याचं भिंग तेवढं बाहेर. मग मामा कमरेत वाकून गाडीभोवती एक फेरी घालायचे. दाराच्या पत्र्यात बघायचे, बंपरमध्ये बघायचे, चाकाच्या चकचकीत वाटीत बघायचे. कुणाचा पाय दिसलाच तर बोट रोखून म्हणायचे, "ह्यो बूट कुणाचा? काढा त्याला गाडीतनं." सगळं साफ झालं की स्वतः पडद्याशी येऊन उजवा हात वर करायचे, आणि मी बटण दाबायची.

पॉलिश केलेली गाडी हा चाकांवरचा आरसा असतो, हे तुमच्या कधी लक्षात आलं नसेल. यायचं कारणही नाही. तुम्ही मोबाइलवर जुनी गाडी बघता तेव्हा तिच्या दारात नुसता पांढरा उजेड दिसतो, आणि तो तसा दिसावा म्हणून किती माणसं दडून बसलेली असतात हे तुम्हाला कुणी सांगत नाही. मोशीहून चाकणकडे जाताना रस्त्याला लागून आमचं जुन्या गाड्यांचं शोरूम आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा स्टुडिओ. मी तिथं फोटो काढते. मामा तिथं माणसं पुसायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मोठ्या माणसाला काहीतरी म्हणावं लागतं, आणि काका म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "काका भावकीतला, मामा मायेचा," असं म्हणायचे. मला ते बाई म्हणायचे, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनसुद्धा.

अंगात कायम पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायांत पांढरे मोजे. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा माणूस गाडीत उमटत नाही, उमटलाच तर चेहरा आणि हात तेवढे, असा त्यांचा हिशेब. आता मोशीगावातून दुचाकीवर निघायचं आणि चाकणच्या रस्त्यावरच्या कंटेनरांमागून पांढऱ्या कपड्यांत यायचं, म्हणजे कपड्यांची काय दशा होणार ते सांगायला नको. म्हणून मामा भर उन्हाळ्यात रेनकोट घालून यायचे. मे महिन्यात सिग्नलला उभा असलेला रेनकोटवाला बघून शेजारचे रिक्षावाले हसायचे. शटरपाशी आले की मामा तो रेनकोट सोलून काढल्यासारखा काढायचे आणि आतून इस्त्रीसकट बाहेर पडायचे. पाठ घामाने चिंब असायची, पण धुळीचा ठिपका नसायचा.

स्टुडिओ बसवायला ठेकेदाराची जी माणसं आली, त्यांत ते होते. गाड्यांच्या एका कंपनीत पेंट शॉपला सगळी नोकरी झालेली, रिटायर झाल्यावर घरात बसवेना म्हणून रंगकामाला लागलेले. असल्या स्टुडिओच्या भिंतीला कोपरा नसतो. भिंत खाली येता येता वळते आणि तिचीच फरशी होते, म्हणजे फोटोत गाडी नुसती उजेडात उभी राहिल्यासारखी वाटते. फरशीच्या मधोमध मोटारीवर फिरणारी भली मोठी तबकडी. तिच्यावर गाडी चढवायची, तबकडी सावकाश फिरते, आणि पडद्याआडून सगळ्या बाजूंचे फोटो घेता येतात. मामांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पाट ठेवलं. "नवरीला पाटावर आणा," असं ओरडले की ड्रायव्हर गाडी आत घ्यायचा.

भिंतीला शेवटचा हात मारून झाल्यावर पहिली गाडी लागली ती पांढरी. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी गाडी, वरून पांढरा उजेड. फोटोत चार टायर आणि काचा तेवढ्या हवेत तरंगत होत्या. गाडी गेली कुठे, असं मॅनेजर विचारायला लागला. मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि समाधानाने म्हणाले, "म्हंजे भिंत चांगली झाली." मॅनेजरच्या तोंडावर हसायला नको म्हणून मी पडद्याआड गेले. दोन्ही बाजूंना काळं कापड धरून पांढऱ्या गाडीला कड कशी आणायची, ते आम्ही मागाहून चुकतमाकत शिकलो.

ठेकेदाराची माणसं पुढच्या कामाला गेली आणि मामा देखभालीला राहिले. त्यांना कुणी ठेवून घेतलं की ते आपणहून राहिले, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. दर सोमवारी फरशीला नवा हात, कारण आठवडाभरात टायरच्या काळ्या रेघा उठायच्या. पाटाखाली ग्रीस. छताला ताणलेल्या कापडावरची धूळ. रंग ओला असताना कुणी पाय ठेवला तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. मात्र दसऱ्याला ह्याच माणसाने मला न विचारता पाटाच्या मोटारीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि फरशीवर मधोमध पिवळंजर्द स्वस्तिक काढलं. सणाची डिलिव्हरी, बाहेर गाड्यांची रांग. मी तोंडाला येईल ते बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, राबणाऱ्याला वर्षातनं एकदा तरी हळद लागावी, बाई. त्या दिवशीच्या सगळ्या गाड्या पिवळ्या छटेत गेल्या आणि त्याच आधी विकल्या गेल्या. हे त्यांनी मला पुढे वर्षभर ऐकवलं.

जुनी गाडी फोटोला बसवायच्या आधी तिच्यातला जुना मालक काढावा लागतो. डॅशबोर्डवरचा गणपती, आरशाला बांधलेला गंडा, मागच्या काचेवर रेडियमची पोराबाळांची नावं. हे काम मामा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. देव निघाले की ते पांढऱ्या भिंतीच्या मागे जायचे. समोरून बघाल तर दुधासारखी भिंत, आणि मागे प्लायवूडच्या सांगाड्यात एक फळी, तिच्यावर देवांची ही गर्दी. माणसानं गाडी विकली म्हणून देवानं रस्त्यावर यायचं का, असा त्यांचा सवाल होता. अनंत चतुर्दशीला सगळ्यांना पिशवीत घालून ते इंद्रायणीला पोचवून यायचे. एक खंडोबा मात्र कधी नेला नाही. तो फळीच्या टोकाला कायम असायचा, आणि मामा त्याच्याकडे फारसं बघायचे नाहीत.

आणि नावं. ड्रायरने काच गरम करायची आणि पात्याने अक्षर सोलून काढायचं, हे पाच मिनिटांचं काम. पण मामा आधी नाव मोठ्यानं वाचायचे. "आर्यन. अनुष्का. सुखात ऱ्हावा पोरांनो." मग पातं लावायचे. मी एकदा छेडलं, की मामा, ती पोरं आता नव्या गाडीत बसून आइस्क्रीम खात असतील, त्यांना कशाला तुमचा आशीर्वाद? तर म्हणाले, "नाव घेऊन मग पुसावं. मुक्यानं पुसू नये."

एका दुपारी एक लाल गाडी आली. मागच्या काचेवर एकच नाव होतं, स्नेहल. मामा ड्रायर घेऊन उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मग मला हाक मारून म्हणाले, "बाई, चष्मा न्हाई माझा. तेवढं नाव वाचा." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी तसं सांगणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि नाव वाचलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा वाचा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी ते एकेक अक्षर न सोलता, ड्रायरने हळूहळू ऊब देत, अख्खंच्या अख्खं नखाने सोडवलं आणि तळहातावर घेऊन भिंतीमागे गेले. मी मागून गेले तेव्हा फळीखालच्या प्लायवूडवर ते चिकटवून त्याच्यावरून अंगठा फिरवत होते.

त्या दिवशी मामांनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. फार मोठी गोष्ट नाही. अशा गोष्टी आपल्या आसपास चिक्कार असतात, आणि आपण त्यांच्यावरून पाय टाकून पुढे जातो.

बायको लवकर गेली. मुलगी लहान. पहाटेच्या शिफ्टला जायच्या आधी मामा तिच्या दोन वेण्या घालायचे. एवढ्या घट्ट, की संध्याकाळपर्यंत सुटू नयेत, आणि ती रडायची. पुढे शिकली, तळवड्याच्या आयटी पार्कात लागली. पहिल्या पगारात बापाला निळ्या चौकड्यांचा शर्ट आणला. तिथेच बरोबर काम करणाऱ्या मुलाशी तिनं लग्न केलं आणि दोघं नागपूरला गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा. मोशीतली जुनी घरं, भावकी मोठी. सगळे मामांना घेऊन खंडोबाच्या देवळात गेले. संतापात माणूस काय करेल सांगता येत नाही. मामांनी बेलभंडारा उचलला.

आमच्याकडची ही शपथ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन जे बोललं, ते मागे घेता येत नाही. कोर्टात खोटं बोलणारी माणसंही बेलभंडाऱ्याला हात लावताना कचरतात.

"काय बोललात?" मी विचारलं.

"तिच्याशी बोलणार न्हाई. निरोप धाडणार न्हाई. तिचा उंबरा चढणार न्हाई, तिला माझा चढू देणार न्हाई. तोंडानं तिचं नाव घेणार न्हाई." हे ते पाढे म्हटल्यासारखं म्हणाले. रोज म्हणत असणार.

मी चिडले. म्हटलं, कुठल्या काळात आहात मामा, चिमूटभर हळदीपायी पोटची पोर टाकलीत? उचला फोन आणि बोला. त्यांना राग आला नाही. समजूत काढावी तसे बोलले.

"मला भ्या न्हाई, बाई. माझं काय व्हायचं ऱ्हायलंय? पण शपथ मोडली तर जिच्यावर घेतली तिच्यावर येती. तिकडं ती एकटी. तिला काय झालं तर?"

त्यांच्या देवाला मी मानत नव्हते, पण त्यांच्या भीतीला कुठून हात घालायचा ते मला कळेना. मी चहा करून आणला.

पुढे काही महिन्यांनी एक तरुण बाई नवऱ्याबरोबर गाडी बघायला आली. मामांना बघून थबकली, पाया पडली. मुलीची कॉलेजातली मैत्रीण. निघताना ती मामांना बाजूला घेऊन एवढंच बोलली, की काका, ती बरी आहे, तिला मुलगी झालीय, आणि तुम्ही इथं कामाला आहात हे तिला ठाऊक आहे. दर रविवारी मोबाइलवर तुमच्याकडच्या सगळ्या गाड्या बघत बसते, नवरा हसतो तिला. मामांनी निरोप दिला नाही. देता येणारच नव्हता. मैत्रीण गाडी न घेताच गेली आणि मामा त्या दिवशी पाटाला ग्रीस देताना नुसते फडकं फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी रेनकोट निघाला आणि आतून निळ्या चौकड्यांचा शर्ट निघाला. मी बघतच राहिले. इतक्या दिवसांत पांढऱ्याशिवाय दुसरा रंग त्यांच्या अंगावर मी पाहिला नव्हता. पाटावर करड्या रंगाची गाडी होती. फेरी झाली, माणसं पांगली, हात वर झाला, फोटो सुरू झाले. शेवटचा फोटो मागच्या डाव्या दाराच्या बाजूचा. तो स्क्रीनवर आला आणि मी ओरडलेच. दारात माणूस. निळा शर्ट, ताठ मान, हात मांड्यांशी चिकटवलेले, पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तसा.

"मामा, तुम्ही गाडीत दिसताय."

"व्हय," मामा म्हणाले. "दिसू द्या."

मी पडद्याबाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फळीवरच्या खंडोबाकडे बघावं तसं भिंतीकडे बघत म्हणाले, "बोलणार न्हाई म्हनलोय. दिसणार न्हाई असं न्हाई म्हनलो."

तो फोटो मी तसाच पाठवला. आमचे फोटो मुंबईच्या हेड ऑफिसला जातात आणि तिथून साइटवर चढतात. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर ती गाडी काढून मामांना दाखवली. दारात तिळाएवढा निळा ठिपका. दोन बोटांनी मोठा केला तर मामा. ते इतके खूश झाले की सेल्सच्या मुलांना मामांच्या खर्चाने भजी मिळाली, कारण मात्र कळलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक गाडीचा शेवटचा फोटो मामांचा. मॅनेजरला गाड्या मोजण्यातून फोटो बघायला सवड नव्हती, गिऱ्हाइकाला किलोमीटर बघण्यातून नव्हती. मामांनी जुना प्रश्न सोडला नाही, इतरांना ते तसेच हाकलायचे. पण शेवटचा फोटो झाला की पडद्यापाशी येऊन हळूच दुसरा प्रश्न विचारायचे.

"दिसलो का?"

मी स्क्रीनवर बघायची आणि सांगायची, दिसलात.

काही आठवडे ते तसे ताठच उभे राहिले. मी म्हटलं, मामा, असे उभे राहता की पोरीला वाटेल अजून रागावलाय. जरा हात तरी हलवा. त्यांनी ते फार मनावर घेतलं. हात हलवणं म्हणजे निरोप झाला का, ह्यावर दोन दिवस गेले. मग त्यांनीच तोड काढली. उजवा हात वर करणं हा त्यांचा कामाचाच हात होता, फोटो काढा म्हणायचा. तो निरोप कसा होईल? आणि मग हात वर यायला लागला. आधी बिचकत कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, आणि दिवाळीच्या सुमारास सरळ डोक्याच्या वर.

ती आली तर काय कराल, असं मी एकदा विचारलं. तुम्ही तर तिला उंबरा चढू देणार नाही. हसले. म्हणाले, "ही जागा शेटची. हितं उंबरा कुठाय? हितं शटर हाय." आणि बोलणार कसे? "ती बोलंल की. मी ऐकंन. ऐकणार न्हाई असं कुठं म्हनलोय."

सगळा बेत त्यांनी असा बसवून ठेवला होता. शटरपाशी एक खुर्ची आणून ठेवली होती. खंडोबाने जेवढी जागा सोडली होती तेवढ्यात त्यांनी लेकीसाठी घर बांधलं होतं.

ती आली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. गाड्या येत राहिल्या आणि मामा प्रत्येकीत उभे राहिले. काळ्या गाडीत ते फार छान दिसायचे, म्हणून काळी गाडी लागली की आदल्या दिवशी दाढी करून यायचे. एका सोमवारी रंगाचा रोलर फिरवता फिरवता, मी काही विचारलेलं नसताना, बोलले.

"बघत असंल. बघून गप बसत असंल. तिलाबी राग हाय की. बापाचीच लेक."

त्या पावसाळ्यात मामा गेले. सकाळी चहाचा कप हातात होता, म्हणतात. सोमवार होता, आणि फरशीवर टायरच्या रेघा तशाच राहिल्या तेव्हाच माझ्या मनात चुकचुकलं. घाटावर भावकी होती. मी कडेला उभी राहिले आणि परत येऊन दोन गाड्यांचे फोटो काढले. शेवटच्या फोटोच्या वेळी पडद्यापाशी कुणी आलं नाही. मी बटण दाबायला विसरले आणि पाट तसाच फिरत राहिला.

महिन्याभराने एक बाई शटरपाशी येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक असेल म्हणून मी शोरूमचं दार दाखवलं. ती म्हणाली, घरी नाही गेले, तिकडे मला कुणी आत घेणार नाही, त्यांनी काम केलेली जागा बघायला आले. मग कुणाची कोण ते विचारायची गरज उरली नाही. ती त्या खुर्चीत बसली. खुर्ची कुणासाठी होती हे मी तिला सांगितलं नाही. काही गोष्टी एकदम सांगू नयेत.

मी भिंतीमागे नेऊन फळी दाखवली. स्वतःचं नाव प्लायवूडवर बघून ती हसली. रेडियमच्या कडा अंगठ्याने झिजल्या होत्या. हसता हसता थांबली आणि मला विचारलं, "ते माझ्यावर एवढे रागावलेले का राहिले, तुम्हाला काही बोलले का?"

मी म्हटलं, रागावलेले? अगं, प्रत्येक गाडीत तुझ्यासाठी उभे असायचे.

"पहिल्या काही गाड्यांत होते," ती म्हणाली. "मी शर्ट ओळखला. रात्रभर झोपले नाही. नवऱ्याला म्हटलं, दिवाळीला जाऊ या, काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि मग एकदम दिसेनासे झाले. वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल मी बघते म्हणून, म्हणून बाजूला झाले. मग कुठल्या तोंडानं येणार होते?"

मला काही उमजेना. मी मोबाइल काढला, साइट उघडली, एका काळ्या गाडीचा शेवटचा फोटो मोठा केला. तो फोटो मी काढला होता. मामांनी त्यासाठी दाढी केली होती. दारात पांढरा उजेड होता. नुसता, कोरा, पांढरा उजेड. दुसरी गाडी उघडली. तिसरी. मी मुंबईला फोन लावला. तिकडचा मुलगा मोठ्या कौतुकाने म्हणाला, की मॅडम, मागच्या वर्षी दिवाळीआधी नवीन सॉफ्टवेअर घेतलं ना आपण. गाडीत कुणाची सावली, प्रतिबिंब, काही पडलं असेल तर आपोआप साफ होतं. तुम्हाला नाही का कुणी सांगितलं?

कुणी नव्हतं सांगितलं. मामा विचारायचे, दिसलो का, आणि मी माझ्या स्क्रीनवर बघून सांगायची, दिसलात. माझ्या स्क्रीनवर ते दिसतच होते. पुढे मुंबईत एक मशीन मामांचंच काम करत होतं. गाडीत कोण दिसतंय ते बघत होतं आणि पुसत होतं. मुकाट्याने, नाव न घेता. इकडे बाप हात वर करून उभा, तिकडे लेक रविवारी मोबाइल घेऊन बसलेली, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्यानं तोंड फिरवलंय. मी आयुष्यात पुष्कळ रडले आहे, पण अशी दाताखाली पदर धरून कधी रडले नव्हते.

मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरवर होते. मी तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून एकेक गाडीचा शेवटचा फोटो लावत गेले. करड्या गाडीच्या दारात मामा, ताठ, हात मांड्यांशी. लाल गाडीत तसेच. पांढरीत तसेच. हे तिनं पाहिलेले होते. मग एका निळ्या गाडीत त्यांचा हात जरासा उचललेला दिसला, आणि ती खुर्चीत पुढे सरकली. मी फोटो बदलत गेले. गाड्या बदलत होत्या, शर्ट तोच, आणि हात वर येत होता. कमरेशी. छातीशी. खांद्याच्या वर. काळ्या गाडीत तो सरळ डोक्यावर गेलेला, बोटं पसरलेली, दाढी केलेला चेहरा, आणि मामा हसत होते. एवढं हसताना मी त्यांना समोरून कधी पाहिलं नव्हतं, मी तर पडद्याआड असायची.

मी तिला सांगितलं, की फोटो झाला की ते दर वेळी पडद्यापाशी येऊन विचारायचे, दिसलो का.

तिनं काळ्या गाडीचा फोटो तसाच राहू दिला. मग तिनं त्या वर गेलेल्या हातावर आपलं बोट टेकलं.

"दिसलात, आप्पा," ती म्हणाली. "दिसलात."

बाहेर ड्रायव्हर पुढची गाडी घेऊन उभा होता आणि हॉर्न वाजवत होता. मी उठले आणि शटर खाली ओढलं.